पूल काय इथं बांधता येत नाही?



मागच्या वेळी मोबाइलवरच्या फसवणुकीबद्दल लिहिलं होतं. या वेळी पासवर्ड, ओटीपी सगळं बाजूला ठेवतो, कारण महिनाभर डोक्यात दुसराच विषय घोळतोय. त्याला कारण आमची आत्या.

आत्या बेल्याकडची. तिचा धाकटा मुलगा यवतमाळला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हुशार आहे, आळशी नाही, कॅम्पसमधून नोकरी लागेल अशी घरच्यांना खात्री होती. एका रविवारी सकाळी आत्याचा फोन आला.

"बाबू, तूच समजाव त्याले. तुहं ऐकते तो. इतके पैसे भरून इंजिनेर केला, अन् आता म्हणते मिलिटरीत जातो, पूल बांधतो. पूल काय इथं बांधता येत नाही?"

मी हो म्हटलं. आपल्या घरांमध्ये मी म्हणजे 'लायनीला लागलेला' मुलगा. बीई झालो, हैदराबादला कंपनीत लागलो, फ्लॅट घेतला. त्यामुळे कोणी लायन सोडून चाललं की समजावायला मला पुढे करतात. मीही लॅपटॉप उघडून मुद्दे काढायला बसलो. सैन्यातले इंजिनिअर नेमकं काय करतात ते आधी बघू, मग ते नागरी नोकरीत कसं जास्त बरं करता येतं ते त्याला पटवू, असा बेत होता. बेत फसला. तो कसा फसला तेच आज लिहितो.

आधी आत्याच्या प्रश्नाबद्दल. पूल म्हणजे काय हे आदिलाबादकरांना सांगावं लागत नाही. पैनगंगेला मोठा पूर आला की डोलाऱ्याजवळ नॅशनल हायवे अडतो. इकडच्या गाड्या इकडे, तिकडच्या तिकडे. आपली अर्धी सोयरीक आणि अर्धे दवाखाने नदीच्या पलीकडे. आमच्या आजोबांना एकदा नागपूरला न्यायचं होतं, तेव्हा रात्रभर गाडी अलीकडेच उभी होती. पाणी उतरेपर्यंत काहीही करता येत नव्हतं. सलाईनची बाटली हातात धरून बाबा बसले होते, आणि मी शाळकरी पोरगा, गाडीच्या काचेतून अंधारात पाण्याचा नुसता आवाज ऐकत होतो. आजोबा त्या वेळी वाचले. पण आपण अलीकडे आणि मदत पलीकडे असली की माणूस किती लहान होतो, हे तेव्हा कळलं.

आता समजा, तीच नदी आहे, पूल नाही, पाणी उतरायची वाट बघायला वेळ नाही, आणि पलीकडून कोणीतरी गोळ्या झाडतंय. सैन्यातल्या इंजिनिअरचं काम इथून सुरू होतं.

त्याला इंग्रजीत सॅपर म्हणतात. शब्द मूळ फ्रेंच. किल्ल्याला वेढा घातल्यावर भिंतीच्या दिशेने नागमोडी खंदक खणत जायचं, त्या खंदकाचं नाव 'सॅप'. तो खणणारा सॅपर. भिंतीखाली भुयार काढून दारू ठासणारा तो मायनर. म्हणून जुन्या पलटणींचं नाव 'सॅपर्स अँड मायनर्स'. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. १६६० साली चाकणच्या किल्ल्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेला जवळपास दोन महिने दाद दिली नाही. शेवटी बुरूज उडवला तो भुयारातून पेरलेल्या सुरुंगाने. शाळेत आपण फिरंगोजींचा धडा वाचतो, आणि तो बरोबरच वाचतो. पण ते भुयार खणणारी माणसंही होती, आणि ती कोण होती हे कोणी विचारत नाही. सुरुंग लावणारे, रस्ता साफ करणारे, बेलदार हे सगळ्याच फौजांबरोबर चालायचे. त्यांची बखर मात्र कोणी लिहिली नाही.

भारतीय सैन्यात इंजिनिअरांचे तीन जुने गट आहेत. मद्रासचं केंद्र बंगळुरूला, बंगालचं रुरकीला आणि बॉम्बेचं आपल्या पुण्यात, खडकीला. तिसऱ्याचं नाव बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, पण ओळखतात 'बॉम्बे सॅपर्स' म्हणून. १७७७ साली मुंबईत उभ्या केलेल्या पायोनिअरांच्या तुकडीपर्यंत ते आपली मुळं नेतात, आणि 'सॅपर्स अँड मायनर्स' या नावाची कंपनी १८२० ची. म्हणजे पेशवाई बुडाल्यावर दोन वर्षांनी. इंग्रजांनी ही पलटण उभी केली ती आपल्याच लोकांना हरवून झालेलं राज्य टिकवायला, हे विसरायचं कारण नाही. पण त्या पलटणीत मराठी माणूस सुरुवातीपासून आहे. आजही मराठा, शीख, मुसलमान असे सगळे तिथे एकत्र आहेत. सगळ्या इंजिनिअर दलाचं ब्रीद एकच शब्दाचं आहे : 'सर्वत्र'. कुठल्याही लढाईच्या यादीत हे लोक असतातच, म्हणून.

एक शब्द आधी सोडवून टाकतो, कारण मीही गोंधळलो होतो. पायदळात जिला बटालियन म्हणतात (आपले आजोबा पलटण म्हणायचे), साधारण त्याच पातळीच्या इंजिनिअर तुकडीला आपल्याकडे 'इंजिनिअर रेजिमेंट' म्हणतात. तिच्यात फील्ड कंपन्या असतात, एकेका कंपनीवर मेजर असतो. कामं तीन प्रकारची. आपल्या फौजेला पुढे जाऊ देणं, म्हणजे पूल, रस्ते, सुरुंग काढणं. शत्रूला पुढे येऊ न देणं, म्हणजे पूल उडवणं, सुरुंग पेरणं. आणि माणसं जिवंत राहतील अशी सोय करणं, म्हणजे बंकर, पाणी, हेलिपॅड. एका वाक्यात सांगायचं तर बाकीचे रस्त्याने जातात, आणि हे रस्ता नाही तिथे जातात.

हे सगळं वाचत असताना मला वाटलं, आपल्या भागाशी याचा काय संबंध? मग १७ सप्टेंबर आठवला. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, तो इतिहास आपल्याकडे घराघरांत सांगतात. रझाकार, निजाम, सरदार पटेल. पण त्या पाच दिवसांकडे इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघा. पहिल्याच दिवशी, १३ सप्टेंबरला, सोलापूरकडून आलेल्या फौजेने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. पूर्वेकडून विजयवाड्याच्या बाजूने येणाऱ्या फौजेसमोर सूर्यापेटजवळ मुसी नदीवरचा पूल निजामाच्या माघार घेणाऱ्या सैन्याने उडवला. तो लगेच दुरुस्त झाला. जहिराबादच्या वाटेवर सुरुंग पेरले होते, ते काढेपर्यंत फौज थांबली. एक पूल मिळाला, एक दुरुस्त झाला, एक सुरुंगांचा पट्टा साफ झाला, आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. आपण दरवर्षी झेंडावंदनाला जातो, भाषणं ऐकतो. मुसीचा पूल मी आजवर कुठल्याही भाषणात ऐकला नाही.

त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये, इथून फार लांब, जम्मूच्या डोंगरांत जे घडलं ते मात्र मला थांबून सांगायचं आहे. कारण माझा बेत फसला तो इथे.

राम राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलीस शिपाई. कारवार म्हणजे कोकणी-मराठी बोलणारा, पण १९५६ च्या राज्यांच्या रेषेनंतर पलीकडे राहिलेला मुलूख. आपली गोष्ट वेगळी नाही. किनवट आणि राजुरा तेव्हापर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, रेषा पडली आणि ते तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. त्यामुळे राणे मला एकदम घरचे वाटले, हे कबूल करतो.

१९४० साली ते खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. अधिकारी म्हणून नाही. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. प्रशिक्षणात सगळ्यांत चांगला रंगरूट ठरले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, एकेक पायरी चढत डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. वय एकोणतीस. ज्या वयात मी पहिल्यांदा टीम लीड झालो आणि त्याचा पेढा वाटला.

चार महिन्यांनी, ८ एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीला जायचं होतं. राजौरी शत्रूच्या हातात होती, तिथे अडकलेल्या लोकांचे हाल चालू होते, एकेक दिवस मोलाचा होता. रणगाडे तयार होते. पण डोंगराला वळसे घेत जाणारा तो एकच रस्ता, आणि तो शत्रूने जमेल तसा मोडून ठेवला होता. कुठे पाइनची झाडं आडवी, कुठे मोरी उडवलेली, कुठे रस्त्याची कडाच कोसळवलेली, आणि मध्ये सुरुंग. रस्ता मोकळा करायचं काम राण्यांच्या तुकडीकडे आलं. ते होते ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत.

सकाळी अकराच्या सुमाराला काम सुरू करायच्या आधीच तोफगोळे आले. तुकडीतले दोघं गेले, पाच जखमी झाले, त्या पाचांत राणे स्वतः. इथे गोष्ट संपली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी उरलेल्यांची पुन्हा जुळवाजुळव केली आणि काम सुरू केलं. संध्याकाळी बारवाली टेकडी आपल्या ताब्यात आली, पण आजूबाजूला शत्रू होताच. रणगाड्यांसाठी बाजूने वळणरस्ता काढायला राणे पुढे गेले आणि रात्री दहापर्यंत मशीनगनच्या माऱ्यात काम करत राहिले.

९ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरू. दुपारी तीनला वळणरस्ता तयार. रणगाडे निघाले, आणि राणे सगळ्यांत पुढच्या गाडीत. अर्ध्या मैलावर झाडांचा अडथळा. उतरले, सुरुंगाने उडवला. तीनशे यार्डांवर दुसरा. तोही उडवला. मग उडवलेली मोरी. समोरून गोळीबार, तरी बाजूने वाट काढली. अंधार पडता पडता पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग आणि त्यावर रोखलेल्या मशीनगनी. राणे तेही काढायला बसले होते, पण वरच्या अधिकाऱ्याने ताफा रात्रीसाठी थांबवला.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला त्याच अडथळ्यावर. साडेसहाला तो मोकळा. पुढचे हजार यार्ड म्हणजे एकामागून एक अडथळे. साडेदहाला तेही संपले. रणगाडे तवी नदीच्या पात्रातून चिंगसकडे गेले आणि दुपारी दोनला पोचले. रणगाडे पोचले म्हणजे काम झालं, असं मला तरी वाटलं असतं. पण मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांना रस्ताच लागतो, त्या नदीपात्रातून जाऊ शकत नाहीत. म्हणून राणे मागे राहून अन्न, विश्रांती सोडून रात्री नऊपर्यंत रस्ता करत राहिले. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा, अकरापर्यंत चिंगसचा रस्ता खुला, आणि मग पुढच्या रस्त्यावर रात्री दहापर्यंत. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत शिरलं.

मी हे वाचताना वेळा कागदावर मांडत गेलो. जखमी अवस्थेत चार दिवस, रोज पहाटे ते रात्र. आम्ही सॉफ्टवेअरवाले रिलीजच्या आधी दोन रात्री जागलो की आठवडाभर सांगत फिरतो. असो. मला सगळ्यांत जास्त काय लागलं ते सांगतो. या चार दिवसांत राण्यांनी शत्रूवर चाल केली, ठाणं जिंकलं असं कुठेच नाही. त्यांनी झाडं हटवली, सुरुंग काढले, मोरीला वळसा दिला. म्हणजे आत्याच्या भाषेत सांगायचं तर गड्डे खोदले आणि गड्डे बुजवले. आणि या कामासाठी देशाने त्यांना परमवीरचक्र दिलं. हे पदक स्वतःच्या हाताने घ्यायला जिवंत राहिलेल्या अगदी पहिल्या वीरांत ते आहेत. (जाता जाता, या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. जन्माने स्विस, लग्नाने मराठी.) राणे मेजर होऊन १९६८ मध्ये निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. आमच्या पिढीतल्या किती जणांना हे नाव माहीत आहे, असं मी ऑफिसमधल्या सहा मराठी मित्रांना विचारलं. एकाला माहीत होतं, तेही कारण तो गोव्याचा आहे आणि कारवारमार्गे गेला होता.

बॉम्बे सॅपर्सचं दुसरं मोठं नाव प्रेमिंद्रसिंग भगत. १९४१ च्या सुरुवातीला ॲबिसिनियात त्यांनी चार दिवसांत पंचावन्न मैलांच्या रस्त्यावरचे पंधरा सुरुंगपट्टे शोधून साफ करवून घेतले. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी दुसऱ्याला काम द्यायला तयार नव्हते, कारण म्हणे मला आता सुरुंग कसे पेरलेत त्याची पद्धत कळली आहे. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. पद्धत कळली म्हणून काम न सोडणारा माणूस, हे मला फार ओळखीचं वाटलं. चांगला इंजिनिअर असाच असतो, फक्त आमच्याकडे चुकलं तर स्क्रीन लाल होते.

आता आत्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पूल इथं बांधता येत नाही का? येतो की. उलट सैन्याचा पूल आणि नागरी पूल यांत फरक काय, हे बघायला गेलो तर बेली ब्रिज सापडला.

डोनाल्ड बेली नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने दुसऱ्या महायुद्धात हा पूल काढला. लहान मुलांच्या मेकॅनो खेळण्यासारखा. एक पॅनल दहा फूट लांब, साधारण पाच फूट उंच, वजन अडीचशे किलोच्या थोडं वर. म्हणजे सहा माणसं उचलू शकतील एवढंच. क्रेन नको, वेल्डिंग नको, पिना ठोकायच्या आणि जोडत जायचं. गंमत पुढे आहे. पूल नदीत उभा राहून बांधत नाहीत. अलीकडच्या काठावर रुळांवर जोडायचा आणि पुढे ढकलायचा. पुढचं टोक हवेत लोंबकळणार, मग पूल नदीत कोसळू नये म्हणून पुढे हलकं नाक लावायचं आणि मागे वजन ठेवायचं. लहानपणी आपण सी-सॉवर खेळायचो तोच हिशोब. नाक पलीकडच्या काठाला टेकलं की काढून टाकायचं. १९४३ च्या डिसेंबरात इटलीत मोरो नदीवर आठव्या भारतीय डिव्हिजनच्या सॅपर्सना अलीकडे एवढी जागाच नव्हती, म्हणून त्यांनी सामान हाताने पलीकडे, शत्रूच्या बाजूला नेलं आणि पूल उलटा, तिकडून इकडे बांधला. त्याचं नावच पडलं 'इम्पॉसिबल ब्रिज'.

ही ऐंशी वर्षं जुनी विद्या संपलेली नाही. २०१७ च्या सप्टेंबरात मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल बॉम्बे सॅपर्सनी बांधला, करी रोडला आणि आंबिवलीलाही बांधला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिन्ही खुले झाले. तेव्हा बरीच टीका झाली, की स्टेशनचे पूलही आता सैन्यानेच बांधायचे का? मला ती टीका पटते. सैन्य हे शेवटचं दार आहे, पहिलं नाही. पण टीका बांधणाऱ्यांवर नव्हती, आणि नसावी.

आणि मग वायनाड. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळात डोंगर खचला. चूरलमला आणि मुंडक्कै यांमधला पूल वाहून गेला, पलीकडची माणसं तिकडेच. मद्रास सॅपर्सची तुकडी पोचली, ३१ जुलैच्या रात्री बेली पूल जोडायला घेतला आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी एकशे नव्वद फुटांचा, चोवीस टनांची गाडी जाईल असा पूल उभा केला. त्या तुकडीत एकच महिला अधिकारी होती : मेजर सीता अशोक शेळके. गाव गाडिलगाव, तालुका पारनेर, जिल्हा नगर. शिक्षण लोणीच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग. म्हणजे अगदी आपल्या ओळखीच्या घरांतली, आपण ज्या प्रकारच्या कॉलेजात गेलो तशाच कॉलेजातली मुलगी. २०१२ मध्ये चेन्नईच्या अकादमीतून अधिकारी झाली. चिखलाचे बूट घालून त्या अर्धवट पुलावर उभा असलेला तिचा फोटो तुम्ही पाहिला असेल.

तो फोटो मी आत्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

नंतर भावाशी बोललो. तो सुट्टीत आला होता, आम्ही पैनगंगेच्या पुलापर्यंत गाडीवर गेलो. समजावायचा प्रयत्न मी खरंच केला. म्हटलं, सैन्यात इंजिनिअर म्हणून घेतलं तरी इंजिनिअर दलच मिळेल याची खात्री नसते, सिग्नल्समध्ये किंवा ईएमईमध्येही टाकतील. त्याला माहीत होतं. म्हटलं, पगार माझ्यापेक्षा कमी असेल. तेही माहीत होतं. म्हटलं, पोस्टिंग लेहला, तवांगला. तो म्हणाला, "दादा, तू पाच वर्षांत हैदराबादहून आदिलाबादला किती वेळा आलास?" यावर मला उत्तर नव्हतं.

शेवटी मी त्याला विचारलं, जायचंच का आहे? त्याने पटकन उत्तर दिलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाला, "कॅम्पसला एक कंपनी आली होती. म्हणाले, सिव्हिलवाल्यांनाही घेतो, कोडिंग शिकवतो. मला चार वर्षं बीम, कॉलम शिकवलं ना दादा. ते कुठेतरी लावून बघायचं आहे." मी संगणकाचाच इंजिनिअर आहे, मला हा त्रास कधी झाला नाही. पण माझ्या बॅचचे मेकॅनिकल, सिव्हिलचे निम्म्याहून जास्त मित्र आज माझ्याच शेजारी बसून कोडिंग करतात. त्यातला एक अजून खिशात स्लाइड कॅलिपर ठेवतो. कशाला ठेवतो, विचारलं तर हसतो.

ज्यांच्या घरी असंच कोणी असेल त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती. बीईच्या शेवटच्या वर्षाच्या किंवा पास झालेल्या मुलांना टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्समधून डेहराडूनच्या अकादमीत जाता येतं, आणि मुला-मुलींना शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल एंट्रीही आहे. दोन्हींसाठी वय साधारण वीस ते सत्तावीस. वेगळी लेखी परीक्षा नाही. मार्कांवरून निवडून एसएसबीला बोलावतात, ती पाच दिवस चालते, आणि तिथे मार्क नाही तर माणूस बघतात. कितीतरी जण दोन-तीनदा परत येतात. इंजिनिअर दल मिळालेल्या अधिकाऱ्यांचं पुढचं शिक्षण पुण्याला दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये होतं. बारावीनंतरचाही रस्ता आहे. आणि शिपाई म्हणून जायचं तरी तो कमीपणा नाही, राणे तसेच गेले होते. आणखी एक नाव : नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, विहिरी खणायचं काम. बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला, तिथे त्याला नाव वल्हवायला शिकवलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो रोइंगमध्ये उतरला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला.

आठवड्याने आत्याचा फोन आला. मला वाटलं आता बोलणी बसणार.

"बाबू, त्या पोरीच्या मायनं तिले जाऊ कसं देल्लं रे?"

मी म्हटलं, ते मला माहीत नाही आत्या.

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी वाजली, तिने गॅस कमी केला असावा. मग म्हणाली, "त्याची ते परीक्षा कुठं होते मनला? भोपाळ? किती तास लागते गाडीले? तारीख कळली का मले आधी सांगजो. दशम्या करून देतो. बाहेरचं काही खाऊ नको म्हणा त्याले."